धुराची कड एवढी धारदार का असते?

शहाद्याहून एका तरुण अभियंत्याने मला प्रश्न पाठवले आहेत. भुसावळजवळच्या दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्राच्या चिमणीतून निघणाऱ्या धुराच्या लोटाची कड डोळ्यांना अगदी स्पष्ट, कातरल्यासारखी दिसते. पुस्तकात मात्र झोताच्या मध्यापासून बाहेर जाताना वेग घंटेच्या आकाराच्या वक्राने हळूहळू शून्यावर येतो असे शिकवतात. मग खरे कोणते, हा त्यांचा पहिला प्रश्न. दुसरा जास्त अवघड आहे. ज्या प्रवाहाचा रेनॉल्ड्स अंक, म्हणजे प्रवाहाच्या वेगाच्या आणि आकाराच्या मानाने श्यानता किती दुबळी आहे याचे माप, लाखांत असतो तिथे श्यानतेचा, म्हणजे व्हिस्कॉसिटीचा, परिणाम नगण्य मानतात. आणि तरीही प्रक्षुब्ध, म्हणजे टर्ब्युलंट, हवा शेजारच्या शांत हवेत पसरते ती श्यानतेमुळेच, असेही सांगतात. या दोन विधानांचा मेळ कसा घालायचा? शिवाय अशा लोटाची संगणकावर गणना करताना टर्ब्युलन्सचे कोणते मॉडेल घ्यावे, हे त्यांनी जाता जाता विचारले आहे. तीस वर्षे द्रवगतिकी शिकवण्यात आणि झोत मोजण्यात घालवल्यामुळे या सीमेशी माझी चांगलीच ओळख झाली आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुलनेने सरळ आहे. डोळा आणि पुस्तक दोघेही खरे सांगतात. फक्त डोळा एका क्षणाबद्दल बोलतो आणि पुस्तक सरासरीबद्दल. तापीच्या पाण्याची कड कोणत्याही दिवशी पाहा, ती स्पष्टच असते: इथपर्यंत पाणी, इथून पुढे कोरडी वाळू. पण ही कड मे महिन्यात एका जागी, श्रावणात दुसऱ्या जागी आणि हतनूरचे दरवाजे उघडल्यावर तिसऱ्याच जागी असते. पात्रात मध्यापासून काठापर्यंत ओळीने खुंट्या ठोकल्या आणि प्रत्येक खुंटी वर्षातले किती दिवस पाण्याखाली होती याची टक्केवारी मांडली, तर शंभरावरून शून्यावर हळूहळू उतरणारा एक गुळगुळीत वक्र मिळेल. त्या वक्रात कड कुठेच दिसणार नाही, पण म्हणून नदीला कड नव्हती असे कोणी म्हणणार नाही. झोताचा घंटाकृती वक्र बऱ्याच अंशी असाच तयार होतो. धारदार कड सतत आतबाहेर हलत असते, आणि सरासरी घेताना तिची धार पुसली जाते.

हे प्रयोगशाळेत प्रत्यक्ष पाहण्याचे साधन म्हणजे हॉट-वायर. सुमारे पाच मायक्रॉन व्यासाची टंगस्टनची तार, एखादा मिलिमीटर लांबीची, दोन टोकदार सुयांच्या मध्ये जोडलेली असते. तिला विजेने तापवायचे, आणि वारा तिला किती वेगाने थंड करतो यावरून वाऱ्याचा वेग काढायचा. मी पहिल्यांदा ही तार ब्लोअरच्या झोतात धरली तेव्हा ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर दाट, काटेरी रेघ उमटली. तार हळूहळू बाहेर सरकवत गेलो. रेघ एकसारखी बारीक होत जाईल अशी माझी अपेक्षा होती, पण तसे झाले नाही. काही अंतर गेल्यावर रेघ तुटायला लागली: थोडा वेळ काटे, मग एकदम संथ आणि जवळजवळ सरळ रेघ, मग पुन्हा काटे. काट्यांचा दाटपणा कमी झाला नव्हता, ते किती वेळ हजर राहतात तेवढेच कमी झाले होते. आणि संथपणा संपून काटे सुरू होतात ती जागा पडद्यावर इतकी तुटक होती की तार सैल झाली असावी अशा समजुतीने मी जोडणी दोनदा तपासली.

स्टॅनली कॉर्सिन यांनी १९४३ मध्ये तापवलेल्या झोताच्या कडेला हाच प्रकार पाहिला होता, आणि पुढे अ‍ॅलन टाउनसेंड यांनी दांड्यामागच्या शेपटीत, म्हणजे वेकमध्ये, त्याची पद्धतशीर मोजणी केली. एखाद्या बिंदूवर प्रवाह एकूण वेळेच्या किती हिस्सा प्रक्षुब्ध असतो त्याला इंटरमिटन्सी म्हणतात. वरच्या उदाहरणातली खुंट्यांची टक्केवारी म्हणजे हीच. सपाट पत्र्यावरच्या सीमास्तरासाठी, म्हणजे पत्र्याला लागून मंदावलेल्या हवेच्या थरासाठी, क्लेबानॉफ यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केलेले आकडे आजही वापरले जातात: कडेची सरासरी जागा सीमास्तराच्या जाडीच्या ०.७८ पट उंचीवर, आणि तिच्या हलण्याचे प्रमाण विचलन जाडीच्या ०.१४ पट. म्हणजे शांत हवेच्या घळी सीमास्तराच्या निम्म्या जाडीपर्यंतही अधूनमधून खाली उतरतात.

आता ही कड नेमकी कशाची? वेगाची नव्हे, ही गोष्ट आधी पक्की करून घ्यावी, कारण बहुतेक घोटाळे इथूनच सुरू होतात. कडेच्या बाहेरची हवाही थोडीफार हलत असते. आतल्या मोठ्या भोवऱ्यांच्या दाबाचे धक्के तिला बसतात आणि ती मागेपुढे होते. फिलिप्स यांनी १९५५ मध्ये दाखवले की बाहेरच्या या हालचालीची ऊर्जा कडेपासूनच्या अंतराच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात घटते, म्हणजे अंतर दुप्पट झाले की ऊर्जा सोळाव्या हिश्शावर येते. तरीही ती शून्य नसते, आणि नुसता वेग मोजणाऱ्या तारेला ती जाणवते. आत आणि बाहेर यांतला खरा फरक आहे तो व्हॉर्टिसिटीचा, म्हणजे हवेचा बारीकसा कण स्वतःभोवती फिरतो की नाही याचा. वाहत्या पाण्यावर गवताच्या दोन काड्यांची फुली टाकली, तर ती वाहत जाईल, प्रवाह वळला तर वळणावरून जाईल. पण जाताना फुली स्वतःभोवती गरगरते का, हा वेगळा प्रश्न आहे. कडेच्या आत अशी फुली वेड्यासारखी गरगरेल. बाहेर ती झुलेल, ताणली जाईल, ढकलली जाईल, पण गरगरणार नाही.

फिरणे बाहेरच्या कणाला मिळत का नाही, हे कळले की अर्धा विषय कळला. दाब पृष्ठभागाला लंब असतो आणि समान घनतेच्या कणावर त्याचे बल कणाच्या मध्यातून जाते. त्यामुळे दाब कणाला ढकलू शकतो, दाबू शकतो, पण पीळ देऊ शकत नाही. पीळ देण्यासाठी कडेने घासावे लागते, आणि घासणे हे श्यानतेचे काम आहे. म्हणून न फिरणारा कण फिरू लागतो तो एकाच मार्गाने: आधीपासून फिरणारा शेजारी त्याला चिकटून घासतो तेव्हा. कॉर्सिन आणि किसलर यांनी १९५५ च्या अहवालात हा मुद्दा मांडला आणि सीमेवर एक अतिशय पातळ श्यान थर असलाच पाहिजे असे अनुमान केले. त्या काळी तो थर मोजण्याचे साधन कोणाकडेही नव्हते, म्हणून त्या अनुमानाचे मला अधिक कौतुक वाटते.

इथे एक अपवाद नोंदवायला हवा, कारण आपला विषय धुराचा आहे. घनता सगळीकडे सारखी नसेल आणि दाबाचा उतार व घनतेचा उतार एका रेषेत नसतील, तर दाबालाही पीळ निर्माण करता येतो. गरम धुराच्या कडेला नेमके हेच असते. तेव्हा चिमणीचा लोट हे या सिद्धांताचे निर्भेळ उदाहरण नाही. थंड हवेचा झोत हे आहे. पण लोट वर जाऊन पुरेशी हवा मिसळली की घनतेतला फरक फार थोडा उरतो, आणि कडेची बारीक रचना थंड झोतासारखीच वागते.

या कडेकडे जवळून पाहण्यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही. आपल्याकडे हिवाळ्यात मळ्यात भरताची पार्टी असते, तेव्हा कपाशीच्या वाळलेल्या काड्या पेटवून त्यावर बामणोदकडची मोठी हिरवी वांगी भाजतात. काड्या थोड्या दमट असल्या की पांढरा दाट धूर उठतो. वारा पडलेला असताना, सकाळच्या तिरप्या उन्हात, धुराच्या मागे गर्द झाडी येईल अशा बेताने उभे राहावे आणि धुराच्या मध्याकडे न पाहता फक्त कडेकडे पाहावे. कड फुलकोबीच्या गड्ड्यासारखी फुगवट्यांनी भरलेली दिसते. प्रत्येक फुगवटा वर जाता जाता बाहेरून आत वळतो, आणि दोन फुगवट्यांच्या मध्ये एक खोल घळ पडते. त्या घळीत स्वच्छ हवा शिरते. क्षणभर धुराच्या पोटात मागची हिरवी झाडी दिसते. मग घळीच्या भिंती एकमेकींजवळ येतात, त्यांवर आणखी बारीक फुगवटे उमटतात, त्यांवर त्याहून बारीक, आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच ती स्वच्छ जागा नाहीशी होते. घळ पडणे आणि घळ भरणे या दोन वेगळ्या घटना आहेत. त्या वेगळ्या ओळखता आल्या की दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर जवळ येते.

त्याआधी कडेच्या जाडीचा अंदाज घेऊ. दोन सेंटिमीटर व्यासाच्या नळीतून सेकंदाला २० मीटर वेगाने हवा सोडली, तर नळीपासून एक मीटरवर झोत डोळ्यांना साधारण ४० सेंटिमीटर रुंद दिसतो आणि मध्यावरचा वेग सेकंदाला अडीच मीटरच्या आसपास उतरलेला असतो. तिथे सर्वांत लहान भोवऱ्यांचे माप, ज्याला कोल्मोगोरोव्ह माप म्हणतात, हिशेबाने सुमारे ०.२ मिलिमीटर येते. सीमेचा थर याच्या दहापटीच्या आसपास जाड असतो, म्हणजे दोन मिलिमीटर. चाळीस सेंटिमीटर रुंदीच्या झोताला दोन मिलिमीटरची कड! चिमणीच्या लोटात पन्नास मीटरचे भोवरे सेकंदाला दोन मीटर वेगाने फिरत आहेत असे धरले, तर कोल्मोगोरोव्ह माप ०.४ मिलिमीटर येते आणि कड चार मिलिमीटरची होते. दीपनगरचा लोट दुरून कातरल्यासारखा दिसतो याचे कारण एवढेच, की त्याची कड त्याच्या अंगाच्या मानाने खरोखरच कातरल्याइतकी पातळ आहे.

ही कड पातळ राहते तरी कशी, असा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण विचारायला हवा होता. शाईचा थेंब पाण्यात पसरतो तेव्हा त्याची कड दर घटकेला फिकी होत जाते. श्यानता व्हॉर्टिसिटीला तसेच पसरवत असेल तर ही कडही फिकी व्हायला हवी. फरक असा की शाई नुसती पसरते, व्हॉर्टिसिटी मात्र पसरते आणि वाढतेही. बाहेरच्या कणाला चिमूटभर फिरणे मिळाले की आतले ताण त्या कणाला खेचून लांब करतात, आणि खेचला जाणारा भोवरा बारीक होताना अधिक वेगाने फिरतो. वाळलेल्या गवताला लागलेली आग आठवा. उष्णता पुढच्या काडीपर्यंत पोहोचते ती सावकाश, पण काडी एकदा पेटली की तिची स्वतःची उष्णता त्यात भर घालते. त्यामुळे आगीची रेघ फिकी न होता जशीच्या तशी पुढे सरकते. प्रक्षुब्ध प्रवाहाची कड ही अशी पेटती रेघ आहे. बाहेरच्या बाजूला श्यानतेचा पातळ थर, आणि त्याला लागूनच आत व्हॉर्टिसिटी ताणून वाढवणारा थर.

सरासरी काढताना मध्यापासूनचे अंतर न घेता प्रत्येक क्षणी कड जिथे असेल तिथपासूनचे अंतर घेतले, तर पुसली गेलेली धार परत मिळते. बिसेट, हंट आणि रॉजर्स यांनी २००२ मध्ये वेकच्या गणनेत, आणि वेस्टरवील व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये पाण्यातल्या झोतावर लेसरने मोजणी करून हे दाखवले. कडेवर व्हॉर्टिसिटी एकदम उडी घेते आणि वेगही झटकन बदलतो. पुस्तकातल्या घंटाकृती वक्रात या उडीचा मागमूसही नसतो.

आता दुसरा प्रश्न. कड पुढे सरकते ती श्यानतेने, हे वर आलेच. तिथल्या तिथे तिचा वेग सर्वांत लहान भोवऱ्यांच्या वेगाएवढा असतो. चिमणीच्या उदाहरणात तो सेकंदाला चारेक सेंटिमीटर येतो. मोठे भोवरे मात्र सेकंदाला दोन मीटरने फिरत आहेत. आणि मोजमापे सांगतात की झोत किती हवा ओढून घेतो हे श्यानतेवर जवळजवळ अवलंबून नसते. रिकू आणि स्पाल्डिंग यांनी १९६१ मध्ये केलेल्या मोजणीनुसार समान घनतेच्या गोल झोतात, नळीच्या व्यासाच्या ५० पट अंतरावर, मूळ हवेच्या सोळापट हवा वाहत असते. रेनॉल्ड्स अंक पुरेसा मोठा असला की हा आकडा बदलत नाही. मॉर्टन, टेलर आणि टर्नर यांनी १९५६ मध्ये लोटांची जी गणना केली तिचा पायाही हाच होता: बाहेरची हवा ज्या वेगाने आत येते तो वेग त्या उंचीवरच्या लोटाच्या स्वतःच्या वेगाचा ठरावीक हिस्सा असतो, आणि त्यात श्यानतेचे नावही नाही. काम श्यानता करते आणि कामाच्या मोजमापात ती दिसत नाही, हेच तुमचे कोडे आहे.

उत्तर क्षेत्रफळात आहे. कड सपाट नसून चुरगळलेली आहे. फुगवट्यांवर फुगवटे, त्यांवर आणखी बारीक फुगवटे. श्यानता कमी केली तर सर्वांत लहान भोवरे आणखी लहान होतात, कडेचा स्थानिक वेग घटतो, पण त्याच वेळी कडेवर आणखी बारीक सुरकुत्या पडायला जागा होते आणि तिचे क्षेत्रफळ वाढते. वेग आणि क्षेत्रफळ यांचा गुणाकार तेवढाच राहतो. कपाशी वेचणीचा मुकादम जसा करतो तसेच हे आहे: आज एवढ्या एकरांची वेचणी उरकायची हे तो ठरवतो, वेचणाऱ्यांचे हात नव्हे, हात मंद चालत असतील तर तो जास्त माणसे लावतो. बोंडातून कापूस काढतात ते हातच, मुकादम एकही बोंड वेचत नाही, तरी दिवसाचे काम मुकादमाच्या हिशेबाने होते. इथे मुकादम म्हणजे मोठे भोवरे.

ही नुसती उपमा नाही. आकडे जुळतात, आणि ते ज्या तऱ्हेने जुळतात ते मला या विषयातले सर्वांत देखणे स्थळ वाटते. सर्वांत लहान भोवऱ्यांचा वेग मोठ्यांच्या तुलनेत रेनॉल्ड्स अंकाच्या एकचतुर्थांश घाताने कमी असतो, आणि त्यांचे माप तीनचतुर्थांश घाताने कमी असते. के. आर. श्रीनिवासन आणि चार्ल्स मेनेव्हो यांनी १९८६ मध्ये ही कड भग्नमितीय, म्हणजे फ्रॅक्टल, असल्याचे दाखवून तिची मिती सुमारे २.३५ मोजली. सपाट पृष्ठाची मिती दोन. म्हणजे जास्तीची मिती साधारण एकतृतीयांश. मापांच्या गुणोत्तराला या जास्तीच्या मितीचा घात दिला की क्षेत्रफळ किती पटीने वाढले ते मिळते: तीनचतुर्थांशाचा एकतृतीयांश, म्हणजे बरोबर एकचतुर्थांश. वेग जितक्या पटीने घटला तितक्याच पटीने क्षेत्रफळ वाढले, आणि रेनॉल्ड्स अंक समीकरणातून निघून गेला. श्यानता निम्मी केली तर कडेचा स्थानिक वेग सुमारे १६ टक्क्यांनी घटेल आणि क्षेत्रफळ सुमारे १९ टक्क्यांनी वाढेल. गुणाकार जिथल्या तिथे. हा हिशेब प्रमाणांचा आहे, त्यातून चिमणीच्या लोटाचे नेमके आकडे काढू नयेत. पण श्यानता नगण्य आहे आणि श्यानतेनेच सगळे घडते ही दोन विधाने एकाच वेळी कशी खरी असतात, ते यातून कळते.

या क्षेत्रात दोन पक्ष होते, आणि त्यांचा वाद तुम्हाला जुन्या-नव्या पुस्तकांत भेटेल म्हणून तोही सांगतो. ब्राउन आणि रोश्को यांनी १९७४ मध्ये दोन समांतर प्रवाहांच्या मिश्रणस्तराची छायाचित्रे प्रसिद्ध केली. त्यांत एकामागून एक गुंडाळत जाणारे प्रचंड भोवरे इतके स्वच्छ दिसत होते की पुढची दोन दशके बहुतेकांनी असेच मानले, की प्रक्षुब्ध भाग बाहेरची हवा मोठ्या घोटांनी गिळतो आणि मग पोटात ती सावकाश पचवतो. दुसरा पक्ष कॉर्सिन आणि किसलर यांचा: गिळणे नाही, कडेकडेने कुरतडणे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले जोसेफ मॅथ्यू आणि त्यांचे सहकारी अमित बसू यांनी २००२ मध्ये संगणकावर प्रत्येक कणाचा माग काढून दाखवले की बहुतेक हवा प्रक्षुब्ध होते ती बाहेरच्या कडेजवळच आणि अल्पावधीत, पोटात जाऊन नव्हे. वेस्टरवील यांच्या झोतात गिळलेल्या हवेचा वाटा दहा टक्क्यांहूनही कमी निघाला. कुरतडणाऱ्यांचा पक्ष सध्या वरचढ आहे. माझे मत विचाराल तर निम्मा वाद शब्दांचा आहे. भरताच्या धुरात घळ पडते ती मोठ्या भोवऱ्यामुळे आणि भरते ती बारीक भोवऱ्यांमुळे. घळीच्या भिंतींना ‘बाहेरची कड’ म्हणायचे की ‘आतली’, यावर टक्केवारी बदलते. घळ तोंडाशी मिटून स्वच्छ हवेचा कप्पा पूर्णपणे आत अडकला तरच त्याला गिळणे म्हणायचे, असे ठरवले तर तो वाटा थोडाच निघणार.

मोठे भोवरे मुकादम आहेत याची एक सुंदर कसोटी ढगांतून मिळते. मेच्या शेवटी सातपुड्यावर उभे राहणारे ढग पाहिले असतील: कड चिमणीच्या लोटापेक्षाही धारदार, आणि मैलभर वर जाऊनही ढग झोतासारखा रुंदावत नाही. वाफेचे पाणी होताना सुटणारी उष्णता ढगाच्या पोटात, वाटेत, मिळत असते. जी. एस. भट आणि रोद्दम नरसिंह यांनी १९९६ मध्ये पाण्यातल्या विद्युतवाहक झोताला मधल्या टप्प्यात विजेने तापवून ही स्थिती प्रयोगशाळेत उभी केली. तापवल्यावर झोताचे मोठे भोवरे विस्कटले आणि बाहेरचे पाणी ओढून घेण्याचे प्रमाण घटले. पाण्याची श्यानता काही मोडीत निघाली नव्हती. मुकादम गेला, काम मंदावले.

धूर पाहून निष्कर्ष काढताना एक काळजी घ्यावी. धुराचे कण स्वतःहून हवेत जवळजवळ पसरतच नाहीत, त्यामुळे ते कड छान दाखवतात. पण धूर दाखवतो तो हवा कुठून आली हे, ती फिरते आहे की नाही हे नव्हे. चांगदेवला तापी आणि पूर्णा मिळतात तिथे पावसाळ्यात दोन रंगांचे पाणी काही अंतर शेजारीशेजारी वाहताना दिसते आणि मध्ये रेघ असते. ती रेघ आपल्या विषयातली सीमा नव्हे, कारण दोन्ही बाजूंचे पाणी प्रक्षुब्धच आहे. आणि हिवाळ्यात पहाटे गावावर धुराची चादर आडवी पसरते तेव्हा कड स्पष्ट असते, पण वरच्या उबदार थराने उभे भोवरे दाबून टाकल्यामुळे आतली हवाही बऱ्याच अंशी निवलेली असते. तिथे कड धुराची उरते, प्रक्षोभाची नाही.

उरला प्रश्न गणनेचा. तुम्ही वापरता ती सरासरीची मॉडेले कड दाखवूच शकत नाहीत, त्यांना खुंट्यांची टक्केवारीच कळते. पण बाहेरच्या सीमेवर तुम्ही जे आकडे भरता त्यांचा परिणाम त्या कडेवरूनच आत शिरतो. विल्कॉक्स यांचे जुने के-ओमेगा मॉडेल (के म्हणजे प्रक्षोभाची ऊर्जा, ओमेगा म्हणजे ती विरण्याचा सापेक्ष दर) या बाबतीत बदनाम आहे: बाहेरच्या शांत हवेत ओमेगाची किंमत काय भरली यावर झोताच्या पसरण्याचा दर बदलतो, वास्तविक तिथे तसे काही अवलंबून असायला नको. मेंटर यांनी १९९४ मध्ये मांडलेले एसएसटी मॉडेल भिंतीपासून दूर के-एप्सिलॉन या दुसऱ्या जुन्या मॉडेलकडे वळते ते याच कारणासाठी. पण के-एप्सिलॉनलाही गोल झोताचा पसरण्याचा दर मोजमापापेक्षा चांगलाच जास्त मिळतो, सपाट झोताचा मात्र ठीक मिळतो. तेव्हा एसएसटी घेतले म्हणून चिमणीच्या लोटाची रुंदी बरोबर आली असे समजू नका. आधी लोट बाजूला ठेवा आणि गणनेच्या त्याच जाळीवर, त्याच मॉडेलने, साधा गोल झोत चालवा. मध्यावरचा वेग अर्धा होतो ती त्रिज्या अंतराच्या ०.०९ ते ०.१० पट यायला हवी. मग बाहेरचा ओमेगा दहापट वाढवून पुन्हा चालवा. त्रिज्या हलली नाही, तरच लोटाकडे वळा. हलली, तर तुम्ही भरलेला तो आकडाच लोटाची रुंदी ठरवतो आहे, आणि लोटाची गणना सध्या करू नये.